डोस बदलण्याचा अधिकार सिस्टरला द्या

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मधुमेहाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं दोन गोष्टींभोवती फिरतं: औषधांचा तुटवडा आणि डॉक्टरांच्या रिकाम्या जागा. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्ही आपल्या टेबलावर वर्षानुवर्षं येत असणार. हे पत्र तिसऱ्याच गोष्टीसाठी आहे. ग्रामीण रुग्णालयापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत ‘मधुमेह परिचारिका’ असं स्वतंत्र पद निर्माण करावं, त्या पदाची पात्रता परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत कुणालाही पाहता येईल अशी नोंदवावी, आणि ठरवून दिलेल्या चौकटीत इन्सुलिनचा व गोळ्यांचा डोस कमी-जास्त करण्याचा अधिकार त्या परिचारिकेला द्यावा, अशी ही मागणी आहे. या मागणीतल्या पहिल्या दोन गोष्टींना फारसा विरोध होणार नाही. तिसरीला होईल. पण तिसरी वगळायची असेल तर पहिल्या दोनही करू नयेत, असं माझं मत आहे. ते का, हे सांगण्यातच या पत्राचा बराचसा भाग जाणार आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे देशभरचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण, म्हणजे प्रौढांमध्ये ११.४ टक्के, शेजारच्या गोव्यात तर २६.४ टक्के, देशात सर्वाधिक. हे आकडे ठळकपणे छापून आले. त्याच पाहणीतून वर्षभर आधी निघालेला दुसरा आकडा मात्र तितका गाजला नाही, आणि आरोग्य खात्याला खरं तर तोच बोचायला हवा. आपल्याला मधुमेह आहे हे ज्यांना ठाऊक आहे, अशांपैकी साखर आटोक्यात असलेले ३६.३ टक्केच निघाले. साखर, रक्तदाब आणि घातक कोलेस्टेरॉल ही तिन्ही आटोक्यात असलेले अवघे ७.७ टक्के. ही माणसं निदानाच्या जाळ्यातून निसटलेली नव्हेत. त्यांची नावं कुठल्या ना कुठल्या केसपेपरवर आहेत, बहुतेकांच्या घरात गोळ्यांची पाकिटं आहेत. तिशीनंतरच्या प्रत्येकाची तपासणी करण्याची मोहीम आपलं खातं चालवतं, आशाताई घरोघर जाऊन फॉर्म भरतात, उद्दिष्टांचे तक्ते वर जातात. ते काम हवंच. पण सापडलेल्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश लोकांची साखर चढलेलीच राहत असेल, तर शिबिरं घेऊन आणखी रुग्ण शोधून काढणं म्हणजे त्याच न सरकणाऱ्या रांगेत माणसं उभी करणं होय.

रांग का सरकत नाही? औषध नसणं हे एक कारण आहे, पण ते सगळ्यात मोठं नाही. ब्रिटनसारख्या, जिथे औषध मिळण्याची अडचण नाही अशा देशातही ऐंशी हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा असं आढळलं, की एका गोळीवर एचबीएवनसी (सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप) सात टक्क्यांच्या वर गेल्यानंतर दुसरी गोळी सुरू व्हायला मध्यकानुसार २.९ वर्षं गेली. इन्सुलिन सुरू व्हायला तर त्याहून कितीतरी जास्त. हा अभ्यास २०१३ चा. वैद्यकीय लिखाणात याला ‘उपचारातलं जडत्व’ म्हणतात आणि ते कुणा एका डॉक्टरच्या आळसातून येत नाही. रुग्ण तीन महिन्यांनी येतो, साखर थोडी वाढलेली असते, मागे चाळीस जण खोळंबलेले असतात, डॉक्टर म्हणतात, “पथ्य पाळा, पुढच्या वेळी बघू.” पुढच्या वेळी डॉक्टर बदललेले असतात. प्रत्येक भेटीतला हा निर्णय तेवढ्यापुरता समंजस वाटतो, आणि तीन वर्षांनी त्यांची बेरीज डोळ्यांच्या पडद्यावर दिसते. या बेरजेची किंमत मोजलेली आहे. ब्रिटनमधल्या ‘यूकेपीडीएस’ या वीस वर्षं चाललेल्या अभ्यासातून असं दिसलं, की एचबीएवनसी एक टक्क्यानं कमी असलेल्यांत डोळे, मूत्रपिंड यांसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती ३७ टक्क्यांनी कमी होत्या. म्हणजे डोस वेळेवर बदलणं हा मधुमेहाच्या उपचाराचा गाभाच आहे, आणि आपल्या व्यवस्थेत नेमकं तेच काम कुणाच्याही नावावर नाही.

मधुमेहातली तज्ज्ञ परिचारिका नेमकं काय करते, हे इथे जरा सविस्तर सांगायला हवं. कारण ‘परिचारिका’ म्हटलं की सलाईन, इंजेक्शन आणि तापाचा तक्ता एवढंच चित्र उभं राहतं. इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि पेनमधल्या काडतुसातलं १०० युनिटचं. त्यामुळे सिरिंजही दोन प्रकारच्या, लाल टोपणाची आणि केशरी टोपणाची. शंभरचं इन्सुलिन कुणी लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत भरलं तर शरीरात ५० युनिट जातात, आणि माणूस पहाटे घामानं थबथबून बेशुद्ध पडू शकतो. चाळीसचं इन्सुलिन केशरी टोपणाच्या सिरिंजनं वीसच्या रेघेपर्यंत घेतलं तर जातात फक्त आठ. मग साखर उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, आणि पुढे कधीतरी औषधाच्या दुकानातून योग्य सिरिंज मिळाली की एकदम अघटित घडतं. ही गफलत केसपेपरवर कधीच दिसत नाही. “सिरिंज दाखवा, माझ्यासमोर भरा,” असं म्हणणारं कुणी असेल तरच ती सापडते. पोटावर एकाच जागी टोचून टोचून झालेल्या गाठीही तशाच: तिथे टोचलेलं इन्सुलिन कधी भिनतं, कधी नाही, आणि साखरेचे आकडे वेडेवाकडे येतात. त्या गाठी हातानं चाचपून पाहाव्या लागतात. पायाची संवेदना दहा ग्रॅमच्या नायलॉन दोऱ्यानं तपासायला दोन-तीन मिनिटं पुरतात, पण बाह्यरुग्ण विभागात पायातली चप्पल काढायला सांगतं कोण?

आणि हे नुसतं तंत्र नाही. उपचार माणसाच्या वर्षाला जुळवून घ्यावे लागतात आणि महाराष्ट्रातल्या माणसाचं वर्ष डॉक्टरांच्या छापील पथ्याच्या कागदात मावत नाही. एकादशीला साबुदाणा खाऊन दुपारी साखर चढलेली असते, नवरात्रात नऊ दिवस एकभुक्त राहून रात्री ती कोसळते, रमजानमध्ये जेवणाचं घड्याळच उलटं फिरतं. उपास करू नका, हा सल्ला देणं सोपं आणि निरुपयोगी असतं. कोणती गोळी त्या दिवशी टाळायची, कोणता डोस संध्याकाळी हलवायचा हे सांगणं अवघड, पण कामाचं. आळंदी-देहूहून पंढरपूरला सुमारे तीन आठवडे चालत जाणाऱ्या वारकऱ्याच्या पायाला संवेदना नसेल तर खडा रुतलेला त्याला कळणारसुद्धा नाही; त्याच्या पायांची तपासणी ज्येष्ठातच व्हायला हवी, पालखी तळावरच्या मदत केंद्रात नव्हे. बीडहून ऊसतोडीला गेलेलं जोडपं दिवाळीच्या आसपास गाव सोडतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततं. एवढ्या महिन्यांच्या गोळ्या बरोबर द्यायच्या की ज्या कारखान्याच्या हद्दीत ते उतरतील तिथल्या रुग्णालयाला कळवायचं, आणि पहाटे कोयता हातात घेण्याआधी काय खायचं, हे त्यांच्याशी बोलून ठरवावं लागतं. ज्वारीची भाकरी खाणाऱ्या बाईच्या हातात ओट्स आणि ब्रोकोलीचा तक्ता देणं हा तर सरळ विनोद आहे, पण तो रोज घडतो.

आता रुग्णाच्या बाजूनं बघू. असं सगळं जाणणारी परिचारिका त्याला शोधायची असेल तर त्यानं जावं कुठे? सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आज मेडिकल वॉर्डात, तीन महिन्यांनी प्रसूतिगृहात, मग शस्त्रक्रियागृहात असते. एखादीला मधुमेहाच्या कामात गती आली, रुग्ण तिला नावानं विचारत येऊ लागले, की नेमकी ड्यूटी बदलते. असंसर्गजन्य आजारांच्या क्लिनिकमध्ये परिचारिका असतात, त्या बहुधा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटी. आणि त्यांचा दिवस रजिस्टर व पोर्टल भरण्यात जातो. उपकेंद्रातल्या सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्याकडे लसीकरणापासून योगदिनापर्यंत सगळंच सोपवलेलं आहे. खासगी क्षेत्रात ‘डायबेटिस एज्युकेटर’ अशा पाट्या दिसतात. त्यांतल्या काही जणी उत्तम आहारतज्ज्ञ किंवा परिचारिका असतात, काहींनी जेमतेम काही दिवसांचं प्रमाणपत्र मिळवलेलं असतं, आणि पाटीवरून दोघींतला फरक कळत नाही. पेन कसं वापरायचं हे शिकवायला घरी येणाऱ्या कित्येक जणी तर ते पेन विकणाऱ्या कंपनीच्या पैशावर काम करतात. त्या शिकवतात ते चुकीचं असतं असं मी म्हणत नाही. पण स्वस्त बाटलीतल्या इन्सुलिननं भागेल, हे सांगण्यात त्यांना काही स्वारस्य असण्याचं कारण नाही. सरकारनं मोकळी ठेवलेली जागा बाजारानं भरली, एवढंच.

मोकळी जागा म्हणताना हेही आठवतं, की परिचर्येतलं विशेष पद ही कल्पना आपल्या खात्याला नवी नाही. मनोविकृती परिचारिका, सार्वजनिक आरोग्य परिचारिका अशी पदनामं राज्याच्या सेवेत आहेतच. अतिदक्षता, कर्करोग, नवजात शिशू अशा विषयांत एक वर्षाच्या पदविका आहेत. जगात तर ही कल्पना इन्सुलिनइतकीच जुनी आहे: बॉस्टनमध्ये इलियट जॉस्लिन यांनी १९२० च्या दशकातच रुग्णांच्या घरी जाणाऱ्या मधुमेह परिचारिका तयार केल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधल्या लेस्टरमध्ये डॉ. जोन वॉकर यांनी तेच काम वस्त्यांमध्ये नेलं. मात्र नुसतं पदनाम दिलं आणि नोंदवही ठेवली नाही तर काय होतं, याचाही धडा ब्रिटनकडूनच घ्यावा. तिथल्या सुमारे अठरा हजार विशेष परिचर्या पदांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५९५ वेगवेगळी पदनामं सापडली, आणि अशा पदांवर बसलेल्यांपैकी ३२३ जणांची परिचारिका म्हणून नोंदणीच नव्हती. अमेरिकेत उलट रीत आहे: मधुमेह शिक्षणाच्या कामाचे किमान एक हजार तास, मग परीक्षा, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण, प्रमाणपत्र खरं की खोटं हे कुणालाही पडताळून पाहता येतं. राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायदा २०२३ मध्ये आला, त्यात राज्य पातळीवरच्या आयोगाची आणि अद्ययावत नोंदवहीची तरतूद आहे. त्या नोंदवहीत नावापुढे विशेष पात्रतेचा एक रकाना वाढवायला कायदा बदलावा लागू नये.

एवढं वाचून कुणी म्हणेल, अशा परिचारिकांनी फरक पडतो हे सिद्ध झालंय का? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर मधुमेह परिचारिकांच्या समर्थकांना वाटतं तितकं सरळ नाही. कॉक्रेन या संस्थेनं २००३ मध्ये उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला तेव्हा निष्कर्ष असा निघाला, की तज्ज्ञ परिचारिकेमुळे साखर काही काळ सुधारत असेलही, पण दीर्घकाळाचा फायदा दिसत नाही. आपल्या देशातला पुरावा त्याहून टोचणारा आहे. हरयाणा आणि कर्नाटकातल्या ४० सामुदायिक आरोग्य केंद्रांमध्ये ३,६९८ रुग्णांवर ‘एमवेलकेअर’ ही चाचणी झाली, तिचा अहवाल २०१९ चा. निम्म्या केंद्रांतल्या परिचारिकांच्या हाती टॅबलेट दिला. त्यात माहिती भरली की उपचाराची शिफारस तयार होई आणि ती डॉक्टरांपुढे जाई. उरलेल्या केंद्रांत डॉक्टर-परिचारिकांना प्रशिक्षण देऊन नेहमीचेच उपचार चालू ठेवले. वर्षभरानं दोन्हीकडे सुधारणा दिसली, पण रक्तदाबात आणि एचबीएवनसीत दोन गटांत फरक आढळला नाही. ही चाचणी झाकून ठेवून आपल्याकडे मागणी करणं अप्रामाणिकपणाचं झालं असतं.

पण तिच्या शेजारी दुसरी एक चाचणी ठेवून पाहा. ‘कार्स’ नावाच्या या चाचणीत भारत आणि पाकिस्तानातल्या दहा मधुमेह क्लिनिकांमधले १,१४६ रुग्ण होते आणि निष्कर्ष २०१६ मध्ये आले. इथे डॉक्टर नसलेला एक समन्वयक प्रत्येक रुग्णाच्या मागे राहत होता आणि संगणक डॉक्टरांना डोसबदलाची आठवण देत होता. साखरेचं आणि त्याबरोबर रक्तदाबाचं किंवा कोलेस्टेरॉलचं उद्दिष्ट गाठणारे रुग्ण या गटात १८.२ टक्के झाले, नेहमीच्या उपचारांच्या गटात ८.१ टक्के. दुपटीहून जास्त. दोन्ही चाचण्यांत संगणक होता, दोन्हींत डॉक्टर नसलेली व्यक्ती होती. मग एकीकडे फरक का पडला आणि दुसरीकडे का नाही? माझ्या वाचनाप्रमाणे उत्तर असं: कार्समधली क्लिनिकं मधुमेहाच्याच कामासाठी होती, तज्ज्ञ त्याच छताखाली होते, म्हणून समन्वयकानं दाखवलेली गोष्ट निर्णयात उतरत होती. सामुदायिक आरोग्य केंद्रात शिफारस तयार झाली तरी ती अमलात आणणारा माणूस गर्दीत बुडालेला. ब्रिटिश मेडिकल जर्नलनं २०१० मध्ये छापलेला उच्च रक्तदाबाबद्दलचा आढावाही इकडेच बोट दाखवतो. परिचारिकांनी चालवलेल्या ज्या कार्यक्रमांत औषध पायरीपायरीनं वाढवण्याचा ठरलेला क्रम होता, तिथे वरचा रक्तदाब तुलनेनं सुमारे आठ अंकांनी जास्त उतरला. २०१६ मध्ये कॉक्रेननं डॉक्टरेतरांनी औषध लिहून देण्याबाबतचे ४६ अभ्यास तपासले, त्यांतले २६ परिचारिकांचे; रक्तदाब, एचबीएवनसी आणि कोलेस्टेरॉल यांबाबत निकाल डॉक्टरांच्या बरोबरीचे होते. आणि हे सगळं श्रीमंत देशांतच जमतं असंही नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या हलाबिसा या ग्रामीण भागात परिचारिकांनी ठरलेल्या क्रमानुसार मधुमेहींना सांभाळलं, तेव्हा १९९८ च्या अहवालानुसार पाचांतल्या चारहून अधिक रुग्णांची साखर आटोक्यात आली.

हा पुरावा एकत्र वाचला की सुरुवातीला मांडलेलं मत आपोआप पुढे येतं. परिचारिका नेमल्यानं साखर उतरत नाही. डोस बदलल्यानं उतरते. परिचारिका डोस बदलू शकत असेल, किंवा तिचं म्हणणं त्याच दिवशी निर्णयात उतरवणारा डॉक्टर शेजारच्या खोलीत असेल, तरच तिच्या असण्याला अर्थ आहे. आपल्या ग्रामीण रुग्णालयांत शेजारच्या खोलीत फिजिशियन असेलच याची हमी आपण देऊ शकत नाही. मग राहतो एकच मार्ग. तो न घेता पद निर्माण केलं तर आणखी एक रजिस्टर भरणारी सिस्टर तयार होईल, आणि दहा वर्षांनी कुणीतरी आढावा घेऊन सांगेल की या पदाचा उपयोग झाला नाही.

डॉक्टरांच्या संघटना याला विरोध करतील. राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्यातल्या कलम ३२ नं मर्यादित परवान्याचे आरोग्यसेवक आणायची वाट उघडली तेव्हा २०१९ मध्ये किती मोठी आंदोलनं झाली, हे आपण पाहिलं आहे. त्यांची भीती निराधार म्हणता येत नाही. अर्धवट शिकलेल्यांच्या हाती औषधं देण्याचे परिणाम या देशात गल्लोगल्ली दिसतात. पण इथे मागणी काय आहे ते नीट पाहावं. निदान करण्याचा, पहिलं औषध सुरू करण्याचा अधिकार डॉक्टरकडेच राहील. सकाळची उपाशीपोटीची साखर उद्दिष्टाच्या वर राहिली तर रात्रीचं इन्सुलिन दर तीन दिवसांनी दोन युनिटनं वाढवणं आणि खाली गेली तर कमी करणं, हा जगभर वापरला जाणारा क्रम आहे. अनेक चाचण्यांत तो थेट रुग्णांच्याच हाती दिलेला आहे. घरोघरी आज तो सून, मुलगा किंवा शेजारचा मेडिकलवाला आपापल्या अंदाजानं वापरतोच. चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग केलेल्या बाईला तेवढं करता येणार नाही, असं म्हणणं कठीण आहे. शिवाय २०१४ पासून केंद्राच्याच मार्गदर्शक सूचनांनुसार उपकेंद्रातली एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका, तान्ह्या बाळाच्या जंतुसंसर्गात जेंटामायसिनचं इंजेक्शन देऊ शकते, आणि अकाली प्रसूतीच्या वेळी आईला स्टिरॉइडचा पहिला डोसही. त्याच २०१४ मध्ये आपल्या राज्यानं कायदा दुरुस्त करून एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना आधुनिक औषधं देण्याची मुभा दिली. तो निर्णय बरोबर की चूक, यावर अजून वाद चालू आहे आणि त्यात मला पडायचं नाही. पण ज्या सरकारनं तेवढी मोठी उडी घेतली, त्यानं दोन युनिट इन्सुलिनपाशी बिचकावं, हे विचित्र दिसतं.

धोका नाही असं मात्र कुणी म्हणू नये. इन्सुलिन आणि सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या साखर धोकादायकरीत्या खाली नेऊ शकतात. म्हातारी, एकटी राहणारी, मूत्रपिंड बिघडलेली माणसं यात सापडतात. म्हणून चौकट घट्ट हवी. गरोदर स्त्रिया, टाइप-१ ची मुलं, मूत्रपिंडाचा आजार वाढलेले रुग्ण आणि ज्यांना आधी साखर उतरून बेशुद्धी आली आहे असे रुग्ण, यांचा डोस परिचारिकेनं डॉक्टरशी बोलल्याशिवाय बदलू नये. एका भेटीत किती युनिटपर्यंत बदल करता येईल याची मर्यादा लिखित असावी, प्रत्येक बदलाची नोंद व्हावी, आणि जिल्ह्याच्या फिजिशियननं त्या नोंदी महिन्यातून एकदा तपासाव्यात. आणि एखाद्या रुग्णाला इजा झाली, तर चौकटीच्या आत राहून काम केलेल्या परिचारिकेमागे खातं उभं राहील हे शासन निर्णयात स्पष्ट लिहिलेलं असावं. हा शेवटचा मुद्दा डॉक्टरांसाठी नाही, परिचारिका संघटनांसाठी आहे. जबाबदारी वाढली, पगार तोच आणि चौकशी आली की सगळ्यांत आधी सिस्टर निलंबित, हा अनुभव गाठीशी असताना त्या हे पद आनंदानं घेतील असं समजू नये. पदाबरोबर वेगळी वेतनश्रेणी आली नाही तर चांगल्या परिचारिका त्याच्या वाऱ्यालाही उभ्या राहणार नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

वॉर्डात रात्रपाळीला एक सिस्टर चाळीस रुग्ण सांभाळते, तिथे अशी चैन कशी परवडणार, हा आक्षेप आपल्या खात्यातूनच येईल. तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. पण चिघळलेला पाय घेऊन आलेला मधुमेही त्याच वॉर्डात आठवडेच्या आठवडे पडून असतो, त्याचं ड्रेसिंग तीच सिस्टर करते, आणि बोट किंवा पाय कापला गेला तरी त्याला पुन्हा यावंच लागतं. डोळ्यांची शस्त्रक्रिया, डायलिसिसची यंत्रं यांचा खर्चही सरकार विमा योजनांतून भरतंच. नव्या जागा लगेच भरता येत नसतील तर असंसर्गजन्य आजारांच्या क्लिनिकमध्ये आहे त्या परिचारिकेचं पोर्टलचं काम डेटा एंट्री ऑपरेटरकडे द्यावं. तिचा निम्मा दिवस तेवढ्यानं मोकळा होईल. लोकांना डॉक्टरच हवा असतो, सिस्टरकडे कोण जाणार, असंही म्हटलं जातं. कॉक्रेनच्याच २०१८ च्या आढाव्यात परिचारिकांकडून उपचार घेतलेल्यांचं समाधान किंचित जास्तच निघालं, आणि त्या वेळही जास्त देतात असं दिसलं. आपल्याकडे वेगळं घडेल असं मानायला काही कारण दिसत नाही.

सुरुवात कुठून करायची, याचंही उत्तर राज्यातच आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा केंद्राचा उपक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे त्यात पहिल्यांदा आले. ठरलेली औषधं, ठरलेला क्रम, अखंड साठा आणि प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा ही शिस्त तिथल्या कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी पडली आहे. मधुमेहासाठी ती नव्यानं शिकवावी लागणार नाही. या चार जिल्ह्यांतल्या प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात एक मधुमेह परिचारिका नेमावी. तिची निवड सेवेतल्या अधिपरिचारिकांमधूनच करावी, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून तिच्यासाठी पदविका आखून घ्यावी, आणि अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर तिची पात्रता परिषदेच्या नोंदवहीत चढवावी. तिच्या खोलीबाहेर तिचं नाव, नोंदणी क्रमांक आणि बसण्याचे वार लिहिलेले असावेत. शेजारच्या चार जिल्ह्यांत आहे तीच व्यवस्था चालू ठेवावी. दोन वर्षांनी दोन्हीकडच्या रुग्णांचं एचबीएवनसी, साखर उतरून झालेल्या भरती आणि कापलेले पाय यांचे आकडे खात्यानं तालुकावार जाहीर करावेत, निकाल काहीही लागो. फरक दिसला नाही तर हे पद खुशाल रद्द करा. फक्त त्या दोन वर्षांत त्या परिचारिकांची बदली करू नका.

आपला विश्वासू,
राज्यातला एक करदाता